पाव, पाणी आणि फुटलेली यादी : मुंबईच्या गुप्त परमहंस सभेची गोष्ट

मी रत्नागिरीहून बोलतोय. बाहेर पाऊस धो धो कोसळतोय, म्हणून आजचं रेकॉर्डिंग कपाटाच्या दारात, दोन गोधड्या डोक्यावर घेऊन चाललंय. मागे सरसर ऐकू आलं तर तो पाऊस आहे, तुमचा इयरफोन बिघडलेला नाही.

गेल्या महिन्यात एका ऐकणाऱ्याचा मेसेज आला. "दादा, देवांविरुद्ध कट करणाऱ्या गुप्त संघटनेवर एक भाग कर ना. गेममध्ये असते तशी. देवांना गादीवरून खाली खेचायचं आणि त्यांची ताकद आपण वापरायची." मी आधी हसलो. म्हटलं, अरे, मी इतिहासावर बोलतो, फँटसीवर नाही. रात्री झोपताना मात्र लक्षात आलं, की असली एक गुप्त संघटना आपल्याकडे खरंच होती. मुंबईत, १८४९ साली. तिचा एक सभासद तर आपल्या मालवणचा होता, आणि पुढे तो रत्नागिरीच्या हायस्कुलात मुख्याध्यापक म्हणून आला.

तिचं नाव परमहंस सभा. काही जण परमहंस मंडळीही म्हणतात. तलवारी नाहीत, रक्ताच्या शपथा नाहीत. आत शिरायचा विधी ऐकाल तर तुम्हीही हसाल: पावाचा तुकडा खायचा आणि पाणी प्यायचं. बस.

पावात असं काय होतं?

आज आपण वडापाव खाताना कुणाची परवानगी घेत नाही. पण माझी आजी अजून पावाची लादी देवघराजवळ ठेवू देत नाही. कारण विचारलं तर म्हणते, "आमच्यात नाही ठेवत." एवढंच. या 'आमच्यात नाही' च्या मागे तीन-चारशे वर्षं आहेत.

पाव आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. भट्ट्या चालवणारे बहुतेक ख्रिश्चन, पुष्कळसे गोव्याकडचे. त्यामुळे पाव म्हणजे परधर्मीयाच्या हातचं शिजवलेलं अन्न. ते पोटात गेलं की माणूस बाटला. विहिरीत पाव टाकून अख्खं गाव बाटवल्याच्या गोष्टी वसईपासून गोव्यापर्यंत तुम्हीही ऐकल्या असतील. गोष्ट खरी किती, हा मुद्दा बाजूला ठेवू. लोक ती खरी मानत होते, यातच सगळं आलं. माणसाचा धर्म पावाच्या एका तुकड्याने जाऊ शकतो, यावर सगळ्यांचं एकमत होतं. हिंदूंचं तर होतंच, आणि बाटलेल्याला परत घ्यायला कुणी तयार नसल्यामुळे मिशनऱ्यांचंही त्यात फावत होतं.

परमहंस सभेने नेमका तोच तुकडा उचलला. नवा सभासद आला की आधी त्याने जातिभेद मानणार नाही असं कबूल करायचं. मग ख्रिश्चन माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. त्या काळातल्या ब्राह्मण, प्रभू किंवा वाणी घरातल्या पोरासाठी ही उडी होती. घास गिळला की परतीची वाट बंद. निदान पुस्तकात तरी तसंच लिहिलेलं.

एका मुलाची केस

हे सगळं अचानक कुठून आलं? त्यासाठी सहा वर्षं मागे जाऊ. १८४३, मुंबई. नारायण शेषाद्री नावाचा तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, शाळकरी पोर, तोही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. वडील कोर्टात गेले. कोर्टाने मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. आपल्याला वाटेल, संपलं प्रकरण.

खरं प्रकरण तिथून सुरू झालं. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, जेवला होता. आता त्याला जातीत परत कसं घ्यायचं? तेव्हा पुढे आले बाळशास्त्री जांभेकर. 'दर्पण' वाले, मराठीतले पहिले संपादक. पोंभुर्ल्याचे, म्हणजे आज सिंधुदुर्ग, पण तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांचं म्हणणं साधं होतं: लहान मूल आहे, प्रायश्चित्त द्या आणि घरात घ्या. यावर मुंबईची सनातनी मंडळी अशी खवळली की खुद्द बाळशास्त्रींवरच बहिष्काराची वेळ आली. संस्कृतचा एवढा मोठा पंडित, एल्फिन्स्टनमधला प्राध्यापक, आणि एका पोराला घरी आणायचं म्हटलं तर त्याचीच जात धोक्यात.

त्या वेळी मुंबईत इंग्रजी शिकलेली एक तरुण पिढी हे सगळं बघत होती. तिने यातून काय धडा घेतला असेल? मला वाटतं, दोन धडे. एक, ही व्यवस्था बदलायला हवी. दोन, उघडपणे बोललात तर तुमचा बाळशास्त्री होतो.

दादोबा, सुरत आणि मुंबई

या पिढीतलं महत्त्वाचं नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर. जन्म १८१४. शाळेत ज्या व्याकरणाने आपल्याला छळलं त्याचे हे आद्य पुरुष. १८३६ साली त्यांचं मराठी व्याकरण छापलं गेलं, आणि लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणू लागले. नोकरीनिमित्त ते सुरतेला होते. तिथे १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आणि इतर मित्रांबरोबर त्यांनी मानवधर्म सभा काढली. ती सभा उघड होती. भूतखेतं काढणाऱ्या मांत्रिकांना जाहीर आव्हानं देण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती.

दादोबा मुंबईत परतले, आणि १८४९ साली परमहंस सभा सुरू झाली. अध्यक्ष होते राम बाळकृष्ण जयकर. दादोबांचे डॉक्टर भाऊ आत्माराम पांडुरंग हेही या वर्तुळातलेच. सुरतेत उघड असलेलं काम मुंबईत गुप्त झालं.

आता त्यांची तत्त्वं ऐका. दादोबांनी 'धर्मविवेचन' मध्ये सात मुद्दे मांडले होते. माझ्या शब्दांत सांगतो. ईश्वर एकच, त्याचीच भक्ती करावी. खरा धर्म प्रेमावर आणि नीतीवर उभा असतो. आध्यात्मिक धर्म सगळ्यांचा एकच. प्रत्येकाला विचारांचं स्वातंत्र्य हवं. आपलं रोजचं बोलणं-वागणं बुद्धीला पटणारं असावं. माणूस ही एकच जात. आणि योग्य ज्ञान सगळ्यांना मिळावं.

संपली यादी. यात देव उलथवण्याचा कट कुठे दिसला तुम्हाला? उलट सभेची बैठक मराठी प्रार्थनेने सुरू व्हायची आणि प्रार्थनेनेच संपायची. ही माणसं देव मानत होती. मूर्ती मानत नव्हती, अमुक एक ग्रंथ देवाने स्वतः लिहून पाठवलाय हे मानत नव्हती, आणि देवाच्या दारात जातीप्रमाणे लावलेली रांग तर मुळीच मानत नव्हती.

पण बाहेरच्या माणसाला यातला फरक कळणार कसा? कळला तरी तो मान्य का करील? ज्याच्या घरात देव म्हणजे देव्हारा, सोवळं आणि पंगतीतली जागा, त्याच्या दृष्टीने या तिन्हींना नाही म्हणणारा माणूस देवालाच नाही म्हणतो.

कुलूप आतून

ही सभा गुप्त का होती, हे समजायला वाळीत टाकणं म्हणजे काय ते समजलं पाहिजे. आज कुणी आपल्याला ग्रुपमधून काढलं तर आपण दोन दिवस फुगून बसतो. १८५० साली जातीतून काढलं म्हणजे भटजी तुमच्याकडे येणार नाही. न्हावी, धोबी येणार नाही. पंगतीत पान नाही. बहिणीचं ठरलेलं लग्न मोडणार. सासरी गेलेली मुलगी माहेरपणाला येऊ शकणार नाही. घरात कुणी गेलं तर तिरडीला खांदा द्यायला चार माणसं मिळणार नाहीत. शिक्षा तुम्हाला एकट्याला नाही, अख्ख्या घराला.

१८५० साली सरकारने एक कायदा केला, की जात गेली किंवा धर्म बदलला म्हणून कुणाचा वारसाहक्क जाणार नाही. म्हणजे जमीन वाचली. पण तिरडीला खांदा देण्याचा कायदा कोण करणार?

म्हणून ही मंडळी दुहेरी आयुष्य जगत होती. रात्री सभेत पाव खायचा, सकाळी घरी सोवळ्यात जेवायला बसायचं. आज आपण त्यांना दांभिक म्हणू शकतो, आणि त्यांच्या काळातही म्हणणारे होते. बाबा पदमनजी हा बेळगावचा तरुण काही काळ याच मंडळींत होता. त्याला हे दुहेरी जगणं झेपलं नाही. तो १८५४ साली सरळ ख्रिस्ती झाला, उघडपणे, आणि त्याची किंमतही मोजली. तीन वर्षांनी त्याने 'यमुनापर्यटन' लिहिली, विधवांच्या हालांवरची कादंबरी. परमहंस सभेच्या आतल्या गोष्टी आपल्यापर्यंत पोचल्या त्यात त्याच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्राचा मोठा वाटा आहे.

आणि दुसरा एक पोरगा. रामकृष्ण गोपाळ भांडारकर. जन्म मालवणचा, १८३७. शाळा रत्नागिरीत. पुढच्या शिक्षणाला मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये. १८५३ साली, म्हणजे सोळाव्या वर्षी, हा परमहंस सभेचा सभासद झाला. सोळा! त्या वयात मी आईपासून फक्त बारावीच्या क्लासला मारलेली दांडी लपवत होतो.

पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे ना, महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढणारं? ते यांच्याच नावाने. संस्कृतचा जगभर नावाजलेला हा पंडित सोळाव्या वर्षी मुंबईत ख्रिश्चनाच्या हातचा पाव खाणाऱ्या मंडळींत सामील झाला होता.

यादी फुटली

कुठल्याही गुप्त संघटनेची सगळ्यात धोकादायक वस्तू कुठली? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे: सभासदांची यादी. जे साठवलंय ते एक ना एक दिवस फुटतं. आम्हाला पहिल्याच नोकरीत हे शिकवतात, की जे लपवायचंय ते शक्यतो साठवूच नका.

परमहंस सभेने यादी ठेवली होती. १८६० साली सभेची कागदपत्रं चोरीला गेली आणि नावं फुटली. कुणाच्या मुलाने पाव खाल्ला, कुणाच्या जावयाने, ते शहरभर झालं. आणि सभा संपली. तिच्यावर कुणी बंदी घातली नाही, पोलीस आले नाहीत, कुणाला अटक झाली नाही. ब्रिटिश सरकारला तर या सभेशी काही देणंघेणंच नव्हतं. नावं बाहेर आली एवढ्यानेच अकरा वर्षांचं काम विरून गेलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या चोराचा राग आला. नंतर वाटलं, चोराने यांचं एकही मत खोडून काढलं नाही. 'माणूस ही एकच जात' हे वाक्य चोरीच्या आदल्या दिवशी जेवढं खरं होतं तेवढंच दुसऱ्या दिवशीही होतं. यांच्याकडे विचार भक्कम होता. उघडं पडल्यावर एकमेकांच्या घरी तिरडीला खांदा द्यायला जाऊ, एवढी बांधणी मात्र नव्हती. सगळी मेहनत लपण्यात गेली. लपणं संपल्यानंतरच्या दिवसाची तयारी झालीच नाही.

मग देवांना वापरत कोण होतं?

त्या मेसेजमधला दुसरा भाग आठवतोय? देवांची ताकद स्वतःसाठी वापरायची. तेही मुंबईतच, त्याच काळात चाललं होतं, आणि ते करणारे अजिबात गुप्त नव्हते.

'महाराज' सिनेमा बघितला असेल तुम्ही. १८६० साली, म्हणजे ज्या वर्षी इकडे यादी फुटली त्याच वर्षी, करसनदास मुळजी यांनी 'सत्यप्रकाश' या गुजराती पत्रात वल्लभ संप्रदायाच्या महाराजांवर लेख लिहिला. आरोप असा, की देवाचं रूप म्हणवून घेणारे हे लोक भक्तांच्या बायका-मुलींचा उपभोग घेतात. जदुनाथजी महाराजांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. तिथेही जातीचं हत्यार निघालं. महाराजांविरुद्ध कुणी साक्ष द्यायची नाही, दिली तर जातीबाहेर, असा घाट भाटिया मंडळींनी घातला. त्यावर वेगळा खटला झाला आणि ते दोषी ठरले. १८६२ साली मुख्य खटल्याचा निकाल करसनदास यांच्या बाजूने लागला. साक्षीदारांत डॉ. भाऊ दाजी लाड होते, मूळचे गोव्याकडचे. त्यांनी डॉक्टर म्हणून कोर्टात उभं राहून सांगितलं, की महाराजांना कुठला रोग झाला होता.

आता हे दोन्ही शेजारी ठेवा. एका खोलीत काही तरुण पावाचा तुकडा खातात आणि प्रार्थना म्हणतात. समाजाच्या लेखी ते देवद्रोही. दुसरीकडे एक माणूस स्वतःला देव म्हणवून लोकांच्या लेकीबाळींना हात लावतो. समाजाच्या लेखी तो पूज्य. आणि दोन्हीकडे तोंडं बंद ठेवायचं साधन एकच: जातीबाहेर काढू.

नंतर काय झालं?

सभा मेली, माणसं राहिली. सभेशी संबंध असलेल्या तुकाराम तात्या पडवळ यांनी १८६१ साली 'जातिभेद विवेकसार' हे पुस्तक काढलं. लेखकाचं नाव छापलं नाही, नुसतं 'एक हिंदू'. पुढची आवृत्ती १८६५ साली पुण्यात निघाली, आणि ती प्रसिद्ध केली जोतीराव फुल्यांनी. नाव लपवून लिहिलेलं पुस्तक नाव न लपवणाऱ्या माणसाच्या हातात गेलं. याच फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज काढला. देव आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हे तिथे भर सभेत सांगितलं जात होतं.

मुंबईत ३१ मार्च १८६७ ला आत्माराम पांडुरंगांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज सुरू झाला. तो उघड होता, पण पावाची अट गेली. एकेश्वराची प्रार्थना करा, जात मोडायची सक्ती नाही. म्हणजे गुप्त असताना कडक, उघड झाल्यावर मवाळ. मला हा सौदा पूर्ण पटत नाही, पण समजतो. उघडपणे जेवढं पेलवेल तेवढंच त्यांनी घेतलं.

आणि आपला भांडारकर? १८६५ च्या सुमारास तो रत्नागिरीच्या हायस्कुलात मुख्याध्यापक म्हणून आला. त्या वेळी या गावात गंगाधरपंत टिळक नावाचे शिक्षक होते, आणि त्यांचा आठ-नऊ वर्षांचा बाळ इथल्या आळीत खेळत होता. पुढे भांडारकर प्रार्थना समाजाचे मोठे नेते झाले. १८९१ साली त्यांनी आपल्या विधवा मुलीचं पुन्हा लग्न लावलं. पुण्यात केवढा गदारोळ झाला असेल याची कल्पना करा. सोळाव्या वर्षी जे मत कुलूप लावून धरलं होतं, ते चोपन्नाव्या वर्षी स्वतःच्या मांडवात उभं केलं. अडतीस वर्षं लागली.

त्या खेळणाऱ्या बाळाचीही एक यादी फुटली, हे माहितीये का? १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठितांना बोलावलं होतं. टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायले, कुणी कपाला नुसता हात लावला. बरोबर असलेल्या गोपाळराव जोशांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या नवऱ्याने, सगळ्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. झालं, ग्रामण्य! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनीही शेवटी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं. पाव जाऊन चहा आला होता. तीस वर्षांनीसुद्धा नावांची यादी तेवढंच काम करत होती.

पाणी, पण दिवसाढवळ्या

२० मार्च १९२७. महाड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याची पायरी उतरले आणि ओंजळभर पाणी प्यायले. पाठोपाठ हजारो माणसं. नंतर त्यांना मारहाण झाली, सवर्णांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं, कोर्टकज्जे दहा वर्षं चालले, आणि १९३७ साली हायकोर्टात निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला.

परमहंस सभेतही पाणीच प्यायले होते. कृती तीच. फरक कुठे पडला? सभेतल्या लोकांकडे गमावण्यासारखं खूप होतं: पंगतीतलं पान, वाडा, नाव. महाडला गेलेल्या माणसांना व्यवस्थेने पंगतीत कधी बसवलंच नव्हतं. वाळीत टाकायची धमकी ज्याला जन्मतःच वाळीत टाकलंय त्याला काय देणार? पण म्हणून त्यांचं धाडस स्वस्त होतं असं समजू नका. त्यांची डोकी फुटली. त्यांनी फक्त लपण्याचा पर्याय निवडला नाही, कारण तो त्यांना कुणी दिलाच नव्हता. लपता येणं हीसुद्धा एक सवलत असते.

आणि आपल्या रत्नागिरीत, १९३१ साली, पतितपावन मंदिर. भागोजीशेठ कीरांचा पैसा, इथे स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचा पुढाकार. सगळ्या जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश, आणि जाहीर सहभोजनं. सावरकरांच्या बाकी राजकारणावर तुमची-माझी मतं वेगळी असू शकतात, तो आजचा विषय नाही. माझं त्या नावाशीही थोडं भांडण आहे. 'पतित' म्हणजे पडलेला. कुणी पाडलं, ते पाटीवर लिहिलेलं नाही. पण जे मुंबईत एकेकाळी रात्री, दार लावून करावं लागत होतं, ते या गावात मांडव घालून झालं, हेही खरं.

माझी यादी

आता शेवटचं. तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो २०१६ चा. २०१७ पासून तो लागू आहे. दीडशे वर्षांनंतर असा कायदा करावा लागला, त्यात आपल्या कोकणातल्या गावकीच्या बातम्यांचा वाटा मोठा होता.

आणि माझ्यासाठी तर हे अजिबात जुनं नाही. मी आणि माझी मैत्रीण लग्न करतोय. जाती वेगळ्या आहेत, म्हणून १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायचं ठरवलंय. त्या कायद्यात एक नियम आहे. आधी नोटीस द्यायची, ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात, आणि तीस दिवस थांबायचं. म्हणजे आमची नावं रत्नागिरीत एका बोर्डावर महिनाभर असणार. गावातलं कुणीही, सातबाऱ्याच्या कामाला आलेलं, उभं राहून वाचू शकेल.

गेले दोन आठवडे मी बंगळुरूत, पुण्यात किंवा आणखी कुठे नोटीस देता येईल का ते शोधत होतो. कुठल्या शहरात आमच्या गावचं कोण राहतं, याची मी मनात यादी केली होती. आणि हा भाग लिहिताना मला माझंच हसू आलं. मी काय करतोय? तर परमहंस सभा चालवतोय. दोन सभासदांची.

आईला माहीत आहे. आजीला नाही. देवघराजवळ पाव न ठेवणारी तीच आजी. बोर्ड तिला सांगण्याआधी मी सांगायला हवं, एवढं मला १८६० सालाने शिकवलं. नावं बाहेर येणारच असतील तर ती आपल्या तोंडून यावीत. आणि त्या दिवशी सोबत कोण उभं राहणार, हे आधी ठरलेलं असावं. मी दोन मामांना फोन केलाय. एक येतो म्हणाला. दुसरा म्हणाला, बघू.

हे रेकॉर्डिंग संपलं की मी खाली जाणार. पाऊस आहे, आजी चहा टाकत असेल. तुम्ही हे ऐकाल तेव्हा तिला सांगून झालेलं असेल. काय म्हणाली ते पुढच्या भागात, तिची परवानगी असेल तर.

तुमच्या घरात 'आमच्यात नाही' असं काय काय आहे, आणि त्याचं कारण कधी कुणी सांगितलंय का, ते मला नक्की कळवा. नाव लिहायचं नसेल तर नका लिहू. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.